अनुनय, निमंत्रण व पसंती यांचे इंग्रजी वाक्प्रयोग

दुसऱ्या व्यक्तीचे मन एखाद्या कृतीकडे वळविणे, तिला बोलावणे किंवा काही देऊ करणे आणि उपलब्ध पर्यायांपैकी स्वतःला काय रुचते ते सांगणे, या तीन हेतूंसाठी दैनंदिन इंग्रजीत रूढ असलेली ठराविक घडणीची वाक्ये व वाक्यांश. ‘व्हाय डोन्ट वुई...’, ‘वुड यू लाइक टु...’, ‘आय वुड रादर...’ ही त्यांची परिचित उदाहरणे होत. या प्रयोगांचा समान विशेष असा, की त्यांचे व्याकरणिक रूप व त्यांमागील हेतू यांत अंतर असते. रूप प्रश्नाचे असते, परंतु हेतू सुचविण्याचा असतो. क्रियापद भूतकाळी असते, परंतु बोलणे उद्याविषयीचे असते. ऐकणाऱ्याला नकार देण्यास मोकळीक ठेवणे, हे या अंतराचे प्रयोजन होय. वाक्य किती आडवळणाचे असावे, हे मात्र केवळ सभ्यतेच्या मात्रेवर ठरत नाही. सुचविलेल्या कृतीचा लाभ कोणाला व तोशीस कोणाला, यावरही ते बऱ्याच अंशी अवलंबून असते. हे तत्त्व ध्यानात न घेता केलेले शब्दशः भाषांतर व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही उद्धट, संशयास्पद किंवा पोकळ वाटू शकते.

व्युत्पत्ती व पूर्वविचार : ‘पर्स्वेड’ (मन वळविणे) हे इंग्रजी क्रियापद लॅटिनमधून आले असून त्याचे मूळ ‘गोड’ या अर्थाच्या इंडो-यूरोपीय धातूत आहे. संस्कृत ‘स्वादु’ व इंग्रजी ‘स्वीट’ हे शब्द त्याच धातूपासून झालेले आहेत. मन वळविणे म्हणजे समोरच्याला गोष्ट गोड वाटेल असे करणे, हा अर्थ त्यात मूलतः अभिप्रेत आहे. ‘प्रिफर’ (अधिक पसंत करणे) हे क्रियापदही लॅटिनोद्भव असून ‘पुढे आणून ठेवणे’ हा त्याचा मूलार्थ होय. त्यातील दुसरा घटक संस्कृतातील ‘भृ’ (वाहणे, धारण करणे) या धातूशी सजातीय आहे. मराठीतील ‘अनुनय’ हा शब्द ‘नी’ (नेणे) या धातूपासून बनला आहे, तर ‘पसंती’ फार्सीतून आला आहे.

बोलावण्याच्या प्रकारांतील सूक्ष्म भेद भारतीय वैयाकरणांनी फार पूर्वी हेरला होता. पाणिनीने अष्टाध्यायीत (३.३.१६१) विध्यर्थी रूपांचे जे अर्थ नोंदविले आहेत, त्यांत विधी, निमंत्रण, आमंत्रण, सत्कारपूर्वक विनंती, विचारणा आणि प्रार्थना यांचा वेगवेगळा निर्देश आहे. टीकाकारांच्या स्पष्टीकरणानुसार निमंत्रण हे बंधनकारक असते, तर आमंत्रणात येणे न येणे ऐकणाऱ्याच्या इच्छेवर सोडलेले असते. आधुनिक मराठीत हे दोन शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. तथापि बंधन व मोकळीक यांतील हा भेद इंग्रजी वाक्प्रयोगांच्या विवेचनात आजही उपयोगी पडतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मध्ययुगीन इंग्रजीत ‘दाउ’ व ‘यू’ अशी दोन द्वितीयपुरुषी सर्वनामे होती व त्यांचा वापर साधारणपणे मराठी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसारखा होत असे. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘दाउ’ प्रमाण बोलीतून बहुतांशी नाहीसे झाले. काही प्रादेशिक बोलींत, प्रार्थनेच्या भाषेत व क्वेकर पंथीयांच्या बोलण्यात ते पुढेही टिकून राहिले. त्यामुळे मराठीभाषक सर्वनाम व क्रियापदाचे प्रत्यय यांतून जो आदर सहज व्यक्त करतो, तो व्यक्त करण्याचे साधन इंग्रजीत उरले नाही. ‘कम’ या एकाच रूपात ‘ये’ व ‘या’ हे दोन्ही आले. आदर, संकोच आणि जवळीक यांचे अंशभेद दाखविण्याचे कार्य साहाय्यक क्रियापदे, प्रश्नरूप आणि स्वरांचे चढउतार यांवर पडले.

विनंतीदर्शक शब्दांतही पालट झाला. ‘आय प्रे यू’ (मी आपणास प्रार्थितो) व त्याचे संक्षिप्त रूप ‘प्रे’ एके काळी सर्रास वापरले जात. एकोणिसाव्या शतकात त्यांची जागा ‘प्लीज’ने घेतली. ‘प्लीज’ हा ‘इफ इट प्लीज यू’ (आपल्याला रुचत असेल तर) या वाक्यांशाचा अवशेष होय. ‘वुड’ हे मूळचे ‘विल’चे भूतकाळी रूप असून जुन्या इंग्रजीत ‘विल’ या क्रियापदाचा अर्थ ‘इच्छिणे’ असा होता. ‘रादर’ हे ‘त्वरित, लवकर’ या अर्थाच्या जुन्या शब्दाचे तुलनादर्शक रूप होय. ‘आय वुड रादर गो’ म्हणजे मूलतः ‘मी अधिक त्वरेने जाईन’. त्वरेपासून पसंतीकडे झालेले हेच अर्थांतर ‘आय वुड सूनर’ या प्रयोगातही दिसते. [→ इंग्रजी भाषा].

तात्त्विक विवेचन : बोलणे ही केवळ माहिती देण्याची क्रिया नसून ती स्वतःच एक कृती असते, हा विचार इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल्. ऑस्टिन (१९११–६०) याने १९५५ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठात दिलेल्या व १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून मांडला. त्याचा अमेरिकन शिष्य जॉन सर्ल याने १९७५ मध्ये ‘अप्रत्यक्ष वाक्कृती’ची मीमांसा केली. ‘कॅन यू पास द सॉल्ट?’ हे वाक्य रूपाने सामर्थ्याविषयीचा प्रश्न असले, तरी जेवणाच्या मेजावर ते मिठाची विनंती म्हणूनच ऐकले जाते.

पेनेलोपी ब्राउन व स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल या भाषांच्या अभ्यासावरून १९७८ मध्ये शिष्टभाषणाचा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते प्रत्येक व्यक्तीला दोन गोष्टी हव्या असतात : आपल्याला इतरांनी आपले मानावे आणि आपल्या इच्छेच्या आड कोणी येऊ नये. निमंत्रण पहिली गरज भागविते, परंतु ते लादले गेल्यास दुसरीला धक्का पोहोचतो. अनुनयाच्या सर्व वाक्प्रयोगांना हा तोल सांभाळावा लागतो. मराठीतील ‘मान राखणे’ व ‘भीड घालणे’ या शब्दप्रयोगांत या दोन्ही बाजू आढळतात.

ब्रिटिश भाषावैज्ञानिक जेफ्री लीच (१९३६–२०१४) याने १९८३ मध्ये लाभ व तोशीस यांचे तत्त्व स्पष्ट केले. कृतीचा लाभ ऐकणाऱ्याला होणार असेल, तर थेट बोलणे अधिक सौजन्याचे ठरते. तोशीस त्याला पडणार असेल, तर आडवळण आवश्यक होते. ‘मस्ट’ हे बंधनदर्शक क्रियापद याचे उत्तम उदाहरण आहे. ‘यू मस्ट ट्राय धिस केक’ (हा केक खाऊन पाहायलाच हवा) हा अगत्याचा आग्रह होय; ‘यू मस्ट टाइप धिस लेटर’ ही मात्र कठोर आज्ञा ठरते. दोहोंतील व्याकरण एकच असून फरक पडतो तो लाभाच्या दिशेमुळे.

अनुनयाचे प्रयोग : यांचे बलाच्या चढत्या क्रमाने स्थूलमानाने तीन गट पाडता येतात. पहिला गट सूचनेचा. ‘लेट्स’, ‘शॅल वुई’, ‘व्हॉट अबाउट’, ‘हाउ अबाउट’, ‘व्हाय डोन्ट वुई’ हे प्रयोग बोलणारा व ऐकणारा यांना एकत्र धरतात. ‘लेट्स गो’ म्हणजे ‘आपण जाऊ या’. संक्षेप न करता ‘लेट अस गो’ असे म्हटल्यास ‘आपण जाऊ या’ व ‘आम्हाला जाऊ द्या’ असे दोन्ही अर्थ संभवतात. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ या भिन्न सर्वनामांमुळे अशी संदिग्धता उद्भवत नाही. ‘व्हाय डोन्ट यू...’ या रूपाचे ‘तुम्ही का... नाही?’ असे भाषांतर जाब विचारल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो बहुधा मैत्रीचा सल्ला असतो. तथापि स्वर कठोर झाल्यास इंग्रजीतही त्याला जाबाचे रूप येते.

दुसरा गट सल्ल्याचा. ‘यू कुड’, ‘यू माइट लाइक टु’, ‘इफ आय वेअर यू’ (तुमच्या जागी मी असतो तर) हे त्यातील सौम्य प्रयोग होत. ‘यू शुड’ त्यांहून ठाम आहे. ‘यू हॅड बेटर’ याबाबत विशेष सावधगिरी बाळगावी लागते. त्यातील ‘बेटर’ या शब्दामुळे तो ‘तुम्ही गेलेले बरे’ यासारखा मृदू वाटतो. वस्तुतः सल्ला न मानल्यास काही अनिष्ट घडेल, अशी गर्भित सूचना त्यात असते. वरिष्ठ किंवा अपरिचित व्यक्तीला उद्देशून तो वापरल्यास धमकीचा भास होऊ शकतो.

तिसरा गट आर्जवाचा. पहिला नकार आल्यानंतर ‘ओ, डू कम’, ‘गो ऑन’, ‘कम ऑन’, ‘जस्ट धिस वन्स’ (एवढ्या एकाच वेळी), ‘कान्ट आय टेम्प्ट यू?’ (तुम्हाला मोह नाही का पडत?) असे प्रयोग येतात. आज्ञार्थाच्या आधी येणारे ‘डू’ हे मराठीतील ‘या ना’, ‘घ्या ना’ यांमधील ‘ना’चे कार्य करते. जवळच्या माणसांत आर्जव चालते. औपचारिक संबंधांत स्पष्ट नकारानंतर ते लांबविणे अप्रशस्त समजले जाते. इंग्रजीभाषक समाजही याबाबत एकसारखे नाहीत. आयर्लंडमध्ये पाहुण्याला पुन्हापुन्हा आग्रह करण्याची रीत इंग्लंडपेक्षा अधिक आढळते.

स्वतः ‘पर्स्वेड’ या क्रियापदात यशाचा अर्थ अंतर्भूत आहे. ‘आय पर्स्वेडेड हिम’ म्हणजे त्याने मानले. ‘मी त्याची समजूत घातली, पण त्याने ऐकले नाही’ या मराठी वाक्यासाठी इंग्रजीत ‘आय ट्राइड टु पर्स्वेड हिम’ असे म्हणावे लागते. काटेकोर लेखनात ‘पर्स्वेड’ कृतीसाठी व ‘कन्व्हिन्स’ मताच्या खात्रीसाठी वापरण्याचा संकेत होता. विसाव्या शतकात तो बराच शिथिल झाला.

निमंत्रणाचे प्रयोग : ‘वुड यू लाइक टु कम टु डिनर?’ हा निमंत्रणाचा सर्वांत सार्वत्रिक प्रयोग होय. ‘डू यू वॉन्ट टु कम?’ हा अनौपचारिक, तर ‘वुड यू केअर टु जॉइन अस?’ हा काहीसा औपचारिक आहे. ब्रिटिश बोलीत ‘फॅन्सी अ कप ऑफ टी?’ (चहा घेऊ या का?) असाही घरगुती प्रयोग ऐकू येतो. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू वुड लाइक...’ या रचनेत भूतकाळ आणि अपूर्णता या दोहोंचा उपयोग करून विचार अद्याप पक्का झालेला नाही, असे भासविले जाते. त्यामुळे नकार देणे सोपे जाते. मराठीतही ‘मला जरा विचारायचे होते’ असे भूतकाळी रूप संकोचासाठी वापरले जाते. अर्थात भूतकाळाच्या साहाय्याने अंतर राखण्याची युक्ती केवळ इंग्रजीची नाही. इंग्रजीत ती अधिक पद्धतशीरपणे वापरली जाते, एवढेच.

खरे निमंत्रण व केवळ सदिच्छा यांतील भेद ओळखणे महत्त्वाचे असते. ‘यू मस्ट कम ओव्हर समटाइम’ (कधीतरी यायलाच हवे तुम्ही) किंवा ‘वुई मस्ट गेट टुगेदर’ ही वाक्ये निरोप घेताना वारंवार उच्चारली जातात. अमेरिकन संशोधिका नेसा वुल्फसन यांनी अमेरिकेतील संभाषणांचा अभ्यास करून दाखविले, की ज्यात वेळ व ठिकाण यांचा निश्चित उल्लेख आहे आणि ज्याला उत्तराची अपेक्षा आहे, तेच बोलणे पूर्ण निमंत्रण ठरते. दिवस न सांगता केलेले बोलावणे हा वाटाघाटीचा आरंभ असू शकतो किंवा नुसता स्नेहाचा उद्गार असू शकतो. त्यास खोटेपणा समजणे अन्यायाचे, तर त्यावर विसंबून न कळविता दारात उभे राहणे अवघडलेपणाचे होईल. मराठीतील ‘या एकदा घरी’ हे वाक्यही याच जातीचे आहे.

लेखी औपचारिक निमंत्रणात तृतीयपुरुषी वाक्यरचना असते. निमंत्रक आपला उल्लेख नावाने करतो आणि ‘रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युअर कंपनी’ (आपल्या सहवासाच्या आनंदाची विनंती करतात) हे ठरीव शब्द योजतो. अशा पत्रिकेचे उत्तरही परंपरेने तृतीयपुरुषी दिले जाते. पत्रिकेच्या तळाशी येणारी ‘आर्. एस्. व्ही. पी.’ ही आद्याक्षरे ‘कृपया उत्तर द्यावे’ या अर्थाच्या फ्रेंच वाक्याची होत. मराठी लग्नपत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ असे म्हणून सहकुटुंब, सहपरिवार बोलावले जाते व लेखी उत्तराची सहसा अपेक्षा नसते. इंग्रजी पत्रिकेत मात्र ज्यांची नावे लिहिलेली असतात तेवढ्यांनाच निमंत्रण असते आणि उत्तर न देणे हा अनादर मानला जातो.

पसंतीचे प्रयोग : ‘आय लाइक टी’ हे कायमच्या आवडीचे विधान आहे, ‘आय वुड लाइक टी’ (मला चहा चालेल, द्यावा) ही त्या वेळची इच्छा होय. हा भेद चुकल्यास मागितलेली वस्तू मिळत नाही किंवा न मागितलेली पुढ्यात येते. दोन गोष्टींच्या तुलनेसाठी ‘प्रिफर’नंतर ‘टु’ येतो, ‘दॅन’ येत नाही : ‘आय प्रिफर टी टु कॉफी’. ‘सुपीरिअर’, ‘सीनिअर’, ‘जूनिअर’ हे लॅटिनमधून आलेले तुलनादर्शक शब्दही ‘टु’ घेतात. ‘वुड रादर’ यासोबत मात्र ‘दॅन’ वापरतात व क्रियापद मूळ रूपात ठेवतात : ‘आय वुड रादर वॉक दॅन टेक द बस’.

दुसऱ्याने काय करावे याविषयीची पसंती सांगताना क्रियापद भूतकाळी होते : ‘आय वुड रादर यू केम टुमॉरो’. उद्याच्या गोष्टीसाठी भूतकाळ ही रचना विद्यार्थ्यांना चमत्कारिक वाटते; तथापि ‘तुम्ही उद्या आलात तर बरे’ या मराठी वाक्यातील ‘आलात’ हे रूपही भूतकाळीच आहे. दोन्ही भाषांत वास्तवापासूनचे अंतर भूतकाळाने दर्शविले जाते.

पसंती व्यक्त न करणे हाही एक शिष्टाचार आहे. ‘आय डोन्ट माइंड’ (मला काहीही चालेल), ‘इट्स अप टु यू’ (तुम्ही म्हणाल तसे) हे प्रयोग निवड समोरच्यावर सोपवितात. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ या विनंतीत ‘माइंड’चा अर्थ ‘हरकत असणे’ असा असल्याने होकारासाठी ‘नो, नॉट अॅट ऑल’ (छे, मुळीच नाही) असे नकारार्थी उत्तर द्यावे लागते. विनंती ऐकून ‘येस’ म्हणणारा अजाणता हरकत नोंदवितो.

नकार : निमंत्रण वा सूचना नाकारताना इंग्रजीत साधारणतः कृतज्ञता, खेद आणि कारण असा क्रम असतो : ‘आय वुड लव्ह टु, बट...’ (यायला फार आवडले असते, पण...), ‘आय अॅम अफ्रेड आय कान्ट’. यातील ‘अफ्रेड’मध्ये भीतीचा अर्थ उरलेला नाही, तो केवळ खेदवाचक आहे. खाद्यपदार्थ नाकारण्यास ‘नो, थँक यू’ पुरेसे असते. मराठीतील ‘नको’ हा शब्द व्यवहारात सहज उच्चारला जातो, परंतु त्याचे ‘आय डोन्ट वॉन्ट’ असे रूपांतर इंग्रजीत फटकळ वाटते. इंग्रजीत त्यास साधारण पर्याय ‘आय वुड रादर नॉट’ हा होय.

मराठीभाषकांच्या दृष्टीने : महाराष्ट्रातील आतिथ्यात आग्रहाला मानाचे स्थान आहे. पाहुण्याने प्रथम ‘नको’ म्हणावे व यजमानाने पुन्हा वाढावे, ही पंगतीची जुनी रीत होय. ‘चहा घेणार का?’ या प्रश्नापेक्षा ‘चहा घ्या’ हे वाक्य अनेक घरांत अधिक अगत्याचे मानले जाते. प्रश्न विचारणे म्हणजे नकाराची वाट मोकळी करून देणे, असे त्यामागील गणित असते. इंग्रजीभाषक यजमान नेमकी हीच वाट सौजन्य म्हणून मोकळी ठेवतो. परिणामी, संकोचाने एकदा ‘नो, थँक यू’ म्हणणारा मराठी पाहुणा उपाशी राहू शकतो आणि पुन्हापुन्हा वाढणारा मराठी यजमान परक्या पाहुण्याला जुलमी वाटू शकतो. दोघेही आपापल्या परीने सभ्यच असतात. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण पाहता, भिडेचा जाच मराठी समाजालाही अपरिचित नाही. भीड पडू न देण्याची जबाबदारी कोणाची, याबाबत दोन्ही रीतींत भेद आहे.

ब्रिटिश भाषावैज्ञानिक जेनी टॉमस यांनी १९८३ मध्ये अशा गैरसमजांचे दोन प्रकार सांगितले : वाक्प्रयोगाचे बल चुकल्यामुळे होणारे व सामाजिक अपेक्षा भिन्न असल्यामुळे होणारे. व्याकरणाची चूक ऐकणाऱ्याला भाषेची उणीव म्हणून कळते व ती क्षम्य ठरते. व्यवहारातील चूक मात्र स्वभावाचा दोष समजली जाते; बोलणारा जितका अस्खलित, तितका हा धोका अधिक. पोलिश वंशाच्या भाषावैज्ञानिक अॅना विएझ्बिट्स्का यांनी १९८५ मध्ये दाखविले, की प्रश्नरूप विनंती ही सभ्यतेची सार्वत्रिक खूण नव्हे. पोलिशमध्ये आज्ञार्थी निमंत्रण अगत्याचे ठरते. मराठीची प्रवृत्ती या बाबतीत पोलिशला जवळची आहे. थेट बोलणाऱ्या भाषांना असंस्कृत आणि आडवळणी भाषांना ढोंगी ठरविणे, या दोन्ही गोष्टी त्यामुळे निराधार ठरतात.

अध्यापन : महाराष्ट्रात दीर्घकाळ इंग्रजीचे अध्यापन व्याकरण आणि भाषांतर यांच्या द्वारे होत असे; तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला अनेक पिढ्यांच्या परिचयाची आहे. या पद्धतीने वाक्यरचनेचा पाया पक्का होई, मात्र कोणते वाक्य कोणाशी व केव्हा बोलावे, याचे शिक्षण त्यात गौण राही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेल हाइम्स याने संज्ञापनक्षमतेची संकल्पना मांडल्यानंतर या उणिवेकडे लक्ष वेधले गेले. यूरोप परिषदेसाठी जे. ए. व्हान एक याने १९७५ मध्ये तयार केलेल्या ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ या आराखड्यात सुचविणे, विनंती करणे, निमंत्रण देणे, सल्ला देणे इ. कार्यांचा ‘स्वेजन’ (प्रवृत्त करणे) या शीर्षकाखाली समावेश करण्यात आला, डी. ए. विल्किन्स याने १९७६ मध्ये अशा अभ्यासक्रमांची तात्त्विक बैठक स्पष्ट केली. महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले.

वाक्प्रयोगांच्या याद्या पाठ करणे हा अध्ययनाचा आरंभ होय. प्रत्येक प्रयोगाबाबत लाभ कोणाचा, नकाराला किती वाव आहे आणि परस्परसंबंध कोणता, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागल्यास अपरिचित वाक्याचेही बल ओळखता येते. मातृभाषेतील ‘या’, ‘या ना’, ‘याल का’, ‘आलात तर बरे’ व ‘यावे’ यांमधील अंशभेद जाणणाऱ्या विद्यार्थ्याला हे प्रश्न नवे नसतात. तीच जाण त्याला इंग्रजी रूपांना लावावयाची असते.